दुसरं फडकं

त्याला सगळे 'आलोच' म्हणायचे. चौकातल्या चहाच्या हॉटेलात तो एकतीस वर्षं वेटर होता आणि कुठल्याही टेबलावरून हाक आली की जागच्या जागी उभा राहून "आलोच!" म्हणून ओरडायचा. यायचा मात्र आपल्या सवडीने. आईबापांनी ठेवलेलं नाव कागदपत्रांवर तेवढं उरलं होतं. बायकोसुद्धा चिडली की म्हणायची, "अहो आलोच, जेवायला येताय ना?"

हॉटेल म्हणजे काही राजवाडा नव्हता. बारा टेबलं, त्यातलं चार नंबरचं डुगडुगणारं. भिंतीवर एक आरसा, इतका जुना की त्यात धडधाकट माणूसही आजारी दिसायचा. तिथल्या चहाची आठवण काढून आज जे हळहळतात, तेच लोक तेव्हा त्या चहाला नावं ठेवायचे. पण यायचे. एका कपावर दोन-दोन तास बसायचे, भांडायचे, रुसून उठून जायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीवर येऊन बसायचे.

मालकांचे नियम दोनच. पहिला, गिऱ्हाईकाला त्याच्या घरचं काही विचारायचं नाही. "घर विसरायला येतात रे लोक इथे," असं ते म्हणायचे. दुसरा, गिऱ्हाईकाला ऊठ म्हणायचं नाही, कितीही वेळ बसो. मग दारात माणसं ताटकळायला लागली की करायचं काय? त्यावरचा तोडगा आलोचनेच काढला होता. टेबल पुसून झालं, की थोड्या वेळाने तेच स्वच्छ टेबल तो पुन्हा पुसायचा, तोंडातून चकार शब्द न काढता. दुसरं फडकं फिरलं की नेहमीचं गिऱ्हाईक समजून जायचं. चष्मा खिशात घालायचं, उरलेला घोट घ्यायचं आणि उठायचं. एकतीस वर्षांत त्या फडक्याचा कुणाला राग आला नाही.

शहर वाढायला लागलं तेव्हा पहिल्यांदा टॉकीज गेलं. तेव्हा लोक म्हणाले, जाऊ द्या, खुर्च्यांत ढेकूण होते. मग कॅरमचा क्लब गेला. मग रस्तारुंदीत वाचनालयाच्या पायऱ्या गेल्या. वाचनालय राहिलं, पण लोक जायचे ते पायऱ्यांवर बसायला, हे रस्ता रुंद करणाऱ्यांना कोण सांगणार? प्रत्येक ठिकाणची माणसं उठून हॉटेलात आली आणि आलोचला वाटलं, आपलं बरं चाललंय. मग मालक गेले, मुलांनी जागा विकली आणि बारा टेबलं एका टेम्पोत मावली. तो टेम्पो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत आलोच हातात फडकं घेऊन उभा होता.

त्या जागेवर आठ मजली काचेची इमारत झाली. तिथे सुरक्षारक्षक हवे होते. आलोचची उंची बघून त्याला घेतलं, त्याची चौकशी फारशी कुणी केली नाही. गणवेश मिळाला, छातीवर नंबर मिळाला. खालच्या दालनात उभं राहायचं आणि लोकांना सही करायला लावायची, हे काम. रिसेप्शनवरची मुलगी बसते तिथे शेगडी होती, हे त्याला ठाऊक होतं. पाहुण्यांचा कोच आहे तिथे चार नंबरचं टेबल होतं. हे सांगायचं कुणाला?

एका दुपारी चार वाजता काचेचं दार ढकलून मास्तर आत आले. शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले. चार नंबरवर सव्वीस वर्षं ते आणि त्यांचे वकील मित्र समोरासमोर बसून वाद घालत आले होते. हॉटेल बंद झालं त्याच्या पुढच्या वर्षी वकील वारले. मास्तर सरळ कोचावर जाऊन बसले, इकडेतिकडे न बघता.

"आलोच, दोन आण. वकिलाच्यात साखर कमी."

आलोचच्या काळजात चर्र झालं. माणूस विसरायला लागलाय, हे त्याला तिथल्या तिथे कळलं. पण तोंड त्याचं ऐकेना.

"आलोच!" दालनभर आवाज घुमला. रिसेप्शनवरची मुलगी दचकून उभी राहिली.

यंत्रातून कागदी पेल्यांत त्याने दोन चहा आणले. मास्तर आपला प्यायले, दुसऱ्याकडे बघत बसले, "आज वकील उशीर करतोय," म्हणाले आणि तासाभराने गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार वाजता हजर. असं पाच महिने चाललं. "काका, साहेबांना कळलं तर तुमचं काही खरं नाही," असं ती मुलगी म्हणायची आणि स्वतःच साहेबांना बोलण्यात गुंतवून ठेवायची. आलोच खूश होता, अगदी उघड खूश. दिवसभर तो एक नंबर असायचा आणि त्या एका तासात आलोच.

पण एका दुपारी मास्तर आले ते लंगडत. पँट गुडघ्यावर फाटलेली, पोटरीवर रक्त, एका पायात चप्पल नाही. आलोचने काय करावं? रुमाल ओला करून गुडघा पुसला, पाय कोचावर नीट ठेवला आणि चहा आणायला गेला. कुठून आलात, घरी कोण आहे, फोन कुणाला करू, यातलं एक अक्षर त्याने विचारलं नाही. एकतीस वर्षं जे विचारलं नव्हतं, ते त्या क्षणीही त्याच्या जिभेवर आलं नाही.

दोन तासांनी मास्तरांची मुलगी धावत आत आली. वडिलांच्या आजारपणामुळे दुसऱ्या गावाहून महिनाभर राहायला आलेली. दवाखाने पालथे घालून, पोलिसांत जाऊन, शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून इथे पोचलेली.

"उड्डाणपुलाखालून येतात हे! आठ पदरी रस्ता ओलांडून! आज टेम्पोचा धक्का बसलाय त्यांना," ती म्हणाली. मग तिने टीपॉयवरचे दोन पेले बघितले. "काका, तुम्ही रोज चहा देता म्हणून हे रोज येतात. तुम्हाला एकदाही विचारावंसं वाटलं नाही?"

मालकांचा नियम त्याच्या ओठांवर आला होता. तो त्याने गिळला. शरमेने त्याचे कान तापले.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि ताट पुढे सरकवत विचारलं, "अहो, चहा मास्तरांसाठी आणत होता की स्वतःसाठी?"

त्याने ताट तसंच मागे सारलं.

दुसऱ्या दिवशी मुलगीच मास्तरांना हाताला धरून घेऊन आली. "तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील." आलोच खाली बसला, मास्तरांच्या गुडघ्याशी. "मास्तर, हॉटेल गेलं. चार वर्षं झाली. आणि वकीलही गेले."

मास्तरांचा चेहरा लहान मुलासारखा वाकडा झाला. "कधी? अरे, मला कुणी सांगितलं कसं नाही?" ते रडले, सगळ्या दालनासमोर. आणि पुढच्या दुपारी चार वाजता घरच्या दाराशी चप्पल शोधत उभे राहिले. मुलीने पुन्हा आणलं, आलोचने पुन्हा सांगितलं, वकील मास्तरांसाठी पुन्हा नव्याने मेले. तिसऱ्या दिवशी मुलगीच म्हणाली, "नका सांगू काका. हे रोज रोज बघवत नाही."

तिने ठरवलं, वडिलांना आपल्या गावी न्यायचं. सामान गाडीत भरलं. पण मास्तर गाडीत बसेनात. चार वाजता हॉटेलात जायचंय, एवढंच बोलत राहिले. शेवटी तिने गाडी इमारतीसमोर आणून उभी केली. मास्तर उतरले, आत आले, कोचावर बसले. चहा झाला. आता ते उठेनात.

अर्धा तास गेला. मुलीने समजावलं, दटावलं, हात धरून ओढलं. मास्तरांनी कोचाची कड घट्ट पकडली. "वकील आल्याशिवाय मी उठणार नाही. घरी कोण आहे माझं?" मुलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. लिफ्टजवळून साहेब रोखून बघत होते.

"काका, तुम्ही उठवा ना," ती म्हणाली. "कसंही करून उठवा."

आलोच जागचा हलला नाही. उठवायचं कसं, हे त्याला पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं. म्हणूनच तो भिंतीला चिकटून उभा होता. मास्तर एकदा उठले की या शहरात त्याला आलोच म्हणून हाक मारणारं घराबाहेर कुणी उरणार नव्हतं.

शेवटी तो रिसेप्शनपाशी गेला आणि फडक्याकडे बोट केलं. तिथल्या मुलीने काही न विचारता काच पुसायचं ते पिवळं फडकं त्याच्या हातात दिलं.

टीपॉयवरचे पेले उचलून त्याने फडकं फिरवलं. मास्तरांनी सवयीने कोपर वर घेतलं, पुन्हा खाली ठेवलं. आलोच दोन पावलं मागे सरकला आणि थांबला. पूर्वी थांबायचा तेवढाच. मग पुन्हा पुढे झाला आणि लखलखीत कोरड्या काचेवर फडकं ठेवलं.

हात पुढे जाईना. त्याने जोर लावला तरी जाईना. डोळे भरून पुढचं काही दिसेनासं झालं.

मास्तरांनी त्या हाताकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग चष्मा काढून खिशात घातला. आलोचच्या मुठीखालून त्यांनी फडकं हळूच ओढून घेतलं आणि स्वतःच ते टीपॉयवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, कडा न चुकवता. नीट चौकोनी घडी घालून त्याच्या हातात परत दिलं.

"दमलास रे आज," ते म्हणाले. "उठतो मी. बाहेर लोक उभे असतील."

मुलीने पुढे होऊन त्यांना आधार दिला. दाराशी ते वळले.

"उद्या सुट्टी घे. वकील आला तर त्याला मी सांगतो."

"बरं, मास्तर," आलोच म्हणाला.

गाडी निघून गेली. काचेच्या दालनात तो कोचाशेजारी उभा होता, घडी घातलेलं फडकं हातात धरून. मागून साहेबांनी त्याला हाक मारली, नंबराने. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाला, "येतो साहेब."