रविवारच्या सिनेमाआधीचा डाव

मला बघायला आलेला मुलगा दौंडचा होता. रेल्वेत कारकून, अंगात टेरिलिनचा शर्ट, केसांना भरपूर तेल. मांडवगण फराट्याचे एक मामा मध्यस्थ होते. शिरूरच्या आमच्या घरात पोहे खाऊन झाले, शिक्षण विचारून झालं, आणि मग त्याच्या आत्यानं पिशवीतून सुई-दोरा काढून माझ्यापुढे धरला.

"ओवून दाखव, पोरी."

शिवणकाम मला लहानपणापासून येत होतं. पण सात-आठ माणसं बोटांकडे टक लावून बसली की सुईचं भोकसुद्धा हलायला लागतं. दोरा दोनदा चुकला. तिसऱ्यांदा मी टोक ओठांत धरून ओलं करत होते, तेव्हा तो मुलगा मोठ्यानं हसला.

"ऱ्हाऊ द्या आत्या. संध्याकाळची गाडी चुकायची."

सगळे हसले. माझे वडीलही हसले. पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून हसले असतील, पण हसले. आठवड्यानं मामा निरोप घेऊन आले. "पोरगी मठ्ठ हाय म्हन्ले. हाताला चपळाई न्हाई." निरोप ओसरीवर सांगितला, तो आळीभर झाला. पुढच्या स्थळाकडचे लोक आलेच नाहीत. त्यांच्या कानावर गेलं होतं.

मी रडले नाही. त्याचा चेहरा तेवढा नीट ध्यानात ठेवला.

वर्षभरानं ताईचा पाय मोडला. ती दौंडला रेल्वेच्या क्वार्टरजवळ राहायची. तिच्या घरकामाला म्हणून मी एसटीनं तिथं गेले. पहिल्याच दिवशी ताई दबक्या आवाजात म्हणाली, "समोरचं हिरव्या दाराचं घर दिसतं का? तिथंच ऱ्हातो तो. दुपारच्या वक्ताला कपडे वाळत घालत जा, तवा तो ऑफिसात असतो."

त्या घरात आळीतला एकुलता एक टीव्ही होता, लाकडी दारं सरकवून बंद करायचा. त्याचा थोरला भाऊ बोटीवर नोकरीला होता, आणि त्यानं परदेशातून एक टीव्ही गेम आणला होता. पत्र्याच्या डब्याएवढी पेटी, आत सेल, वायरीला लोंबणाऱ्या दोन मुठी. पेटीची वायर अँटेनाच्या जागी जोडायची. टीव्हीचे कार्यक्रम संध्याकाळीच लागत. त्यामुळे दुपारभर तो पडदा रिकामा असायचा.

त्याची धाकटी बहीण कॉलेजात होती. तिनंच मला हाक मारली. "ये की आत. दादानं तुला नकार दिला ते मला पटलं न्हवतं." मग तिनं एक मूठ माझ्या हातात दिली.

काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या दांड्या आणि एक चौकोनी ठिपका. ठिपक्याला चेंडू म्हणायचं. मूठ फिरवली की दांडी वर-खाली सरकायची, चेंडू लागला की पेटीतून टक् असा आवाज यायचा. पहिल्या दुपारी मी सगळे चेंडू सोडले. पण इथं माझ्या बोटांकडे कोणी बघत नव्हतं, सगळे पडद्याकडे बघत. चार-पाच दिवसांत दांडी माझ्या हाताचंच बोट असल्यासारखी चालायला लागली.

त्यात आणखीही खेळ होते. हॉकीत प्रत्येकाला दोन-दोन दांड्या, आणि आपलीच पुढची दांडी आपल्या चेंडूला आडवी यायची. तो खेळ मला भांडखोर नातेवाइकांसारखा वाटे. एक बंदूक होती. पडद्यावरच्या चौकोनावर नेम धरायचा. पण ती बंदूक खोलीतल्या बल्बकडे रोखली तरी नेम लागल्याचा आवाज व्हायचा. असल्या लबाड खेळात मला गोडी वाटली नाही. मला आवडला भिंतीचा खेळ. एकटीनं खेळायचा. चेंडू भिंतीवर आपटून परत येतो, आपण पुन्हा मारतो. प्रत्येक टक् मी त्या टेरिलिनच्या शर्टाला मारत होते. त्याची बहीण म्हणायची, "दात-ओठ कशाला खातेस गं?"

तिच्याकडूनच मी त्याच्या खेळाची माहिती काढली. आळीत त्याला कोणी हरवत नव्हतं. पण चेंडू मारला की त्याची दांडी लगेच मधोमध परत येते, आणि वेग वाढला की तो गांगरतो, हे तिनं सांगितलं. दांडीच्या अगदी टोकावर चेंडू घेतला की तो तिरका सुटतो. मी दुपारी नुसतं तेवढंच करत बसले.

रविवारी संध्याकाळी सिनेमा असायचा. सगळी आळी त्यांच्या बाहेरच्या खोलीत जमायची, आणि सिनेमाआधी तो टीव्ही गेम लावून एकेकाला हरवायचा. त्या रविवारी ताईला न विचारता मी जाऊन बसले. दोघांना हरवून त्यानं मूठ वर धरली.

"आता कोन बसतंय?"

"मी बसते."

त्यानं वळून पाहिलं. "तुम्ही शिरूरच्या ना?"

"व्हय. सुईवाली."

डाव पंधराचा होता. माझे पंधरा झाले तेव्हा त्याचे चार होते. खोलीत मागून कोणीतरी शिट्टी मारली. तो म्हणाला, "सेल उतरल्यात."

"मग बदला की."

त्यानं सेल बदलले. दुसऱ्या डावात त्याचे दोनच झाले. त्याच्या कपाळावरून तेलमिश्रित घाम ओघळत होता आणि मला पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं. तिथं थांबले असते तरी चाललं असतं. पण मला तिथं थांबायचं नव्हतं. मी त्याच्या आईला म्हणाले, "मावशी, जरा सुई-दोरा द्या." त्यांना काही कळलं नाही, त्यांनी दिला. मी तो त्याच्यापुढे धरला.

"ओवून दाखवा."

भरल्या खोलीत त्यानं खरंच प्रयत्न केला. न करून चालण्यासारखं नव्हतं. दोरा दरवेळी भोकाच्या बाजूनंच गेला. मी हसले नाही. नुसतं बघत राहिले, तेही आत्यानं माझ्याकडे बघितलं होतं तसं. शेवटी त्यानं सुई खाली टाकली आणि तो बाहेर निघून गेला. सिनेमा सुरू झाला तरी परत आला नाही.

दाजी माझ्यावर फार चिडले. "शेजाऱ्यांशी वैर करून ठिवलंस. आम्हाला हितं ऱ्हायचं हाय." ताईनं मात्र रात्री मला स्वतःच्या ताटातला लाडू दिला. टीव्ही गेम कपाटात कुलूपबंद झाला. माझ्याबरोबर त्याच्या बहिणीलाही खेळ बंद. त्याचं मला खरंच वाईट वाटलं; भिंतीच्या खेळाची बोटांना सवय लागली होती.

मी निघाले त्या दिवशी त्याची बहीण एसटी स्टँडवर आली. माझी पिशवी तिनं गाडीत चढवून दिली. मग म्हणाली, "दादा घरात कुनाशी बोलत न्हाई. तुला बरं वाटलं का?"

"व्हय," मी म्हणाले. "लई बरं वाटलं."

ती रागावेल असं मला वाटलं होतं. तिनं माझ्या पदरात दोन पेरू टाकले आणि गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभी राहिली.