आत्याचं सोवळं आणि आईचा हात

स्टोव्हचा भडका उडून आईचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला, आणि शनिवार पेठेतले आमचे झाडून सगळे नातेवाईक इस्पितळात येऊन तिला बघून गेले. नुसते बघून गेले असते तरी चाललं असतं. कुणी अंगारा लावला, कुणी 'बघू, बघू' म्हणत पट्टीची कड उचलली. मांडीची कातडी काढून हातावर लावली होती, ती पू होऊन निसटली. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा लावू. पण याही खेपेला जंतू शिरले, तर बोटं आखडतील ती कायमची." आई शिवणकाम शिकवायची. मी बाहेर येऊन बाबांवर ओरडले.

बाबांना कुणाला 'येऊ नका' म्हणता येत नसे. म्हणून त्यांनी तिच्या खोलीच्या दारावर बसायला आपल्या थोरल्या बहिणीला बोलावलं.

आत्याचं सोवळं कडक. धुतलेलं नेसून ती स्वयंपाकाला लागली की तिला कुणी शिवायचं नाही. लग्न होऊन आल्यापासून आई तिच्याशी उंबऱ्याबाहेरूनच बोलत आली होती. चुकून पदर लागलाच, तर आत्या पुन्हा आंघोळ करायची आणि आईला ऐकू जाईल अशा बेतानं तांब्या आपटायची. तीच आता आईची राखण करणार! मला हसावं की रडावं कळेना.

सिस्टरनी तिला नियम सांगितले. आत जायचं तर हात धुवायचे, वरून धुतलेला गाऊन घालायचा, तोंडाला फडकं बांधायचं, कशाला शिवायचं नाही. आत्या खूश झाली. "अगं, हे तर सोवळंच की! एवढं शिकून शेवटी आलात ना वळणावर!"

मग ती बाकावर बसली आणि कहर झाला. धायरीहून आलेल्या मावशींना तिनं जिन्यातूनच परत पाठवलं. "ओवळ्या आहात. एसटीतून आलात." बाबांनाही सोडलं नाही. एकदा तर डॉक्टरांनाच अडवलं, कारण त्यांच्या कमरेचा पट्टा चामड्याचा. कातडी लावणाऱ्या माणसाला चामड्याचा विटाळ! डॉक्टरांनी वाद घातला नाही. पट्टा काढून माझ्या हातात दिला आणि एका हातानं पँट सावरत हात धुवायला गेले.

दुसऱ्यांदा लावलेल्या कातडीवरची पट्टी सोडायचा दिवस आला. आम्ही सगळे दाराशी होतो. सिस्टर सामान आणायला वळल्या तेवढ्यात आत्या आत शिरली. पदराखालून तिनं फुलपात्र काढलं. त्यात गोमूत्र होतं.

"चार थेंब शिंपडते. शुद्ध होईल," ती म्हणाली.

मी धावले, पण आईचा आवाज आधी आला.

"वन्सं, शिवू नका. ओवळ्या आहात."

आत्या जागच्या जागी थांबली. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. खरं सांगायचं तर कोसळावं असंच वाटत होतं, इतक्या वर्षांचं एकदाचं निघालं असतं. पण आत्या मुकाट्यानं मागे सरकत उंबऱ्याबाहेर गेली. थेट आई उभी राहायची तशी, पदर आवरून.

पट्टी सुटली. कातडी गुलाबी होती आणि धरली होती. डॉक्टरांनी सांगितल्यावर आईनं बोटं हलवली. बाबा भिंतीकडे तोंड करून रडले, मीही रडले. हातावर नवी पट्टी बांधून डॉक्टर म्हणाले, "बोटांची टोकं मोकळी आहेत. त्यांना हात लावायला हरकत नाही."

कुणीच पुढे झालं नाही. मग उंबऱ्याबाहेरून आत्यानं विचारलं, "मी शिवू का गं?"

आईनं तिला जरा वेळ तसंच उभं ठेवलं.

"आधी हात धुऊन या. साबणानं."

आत्या गेली. नळ बराच वेळ वाहत होता. तोवर आईनं आपला हात उशीवरून अलगद दाराच्या बाजूला सरकवून ठेवला होता.