मेनाचं न लावलेलं पुस्तक

रोक्कासेल्वाच्या विद्यापीठात पीएचडीच्या पोरांना प्रबंध कसा लिहावा, नोकरीचा अर्ज कसा करावा, मुलाखतीत काय बोलावं नि काय गिळावं, हे फिलोमेना लापादुला शिकवायची. सगळे तिला मेना म्हणत. तिच्या हाताखालून गेलेली पोरं लिस्बनला लागली, एक तर थेट नॉर्वेत. मेना मात्र चाळिशी उलटली तरी दर उन्हाळ्यात संपणाऱ्या करारावरच. दुसऱ्याच्या लेकी उजवता उजवता आपली घरात राहावी, तशातली गत.

"लाजू नका रे," ती वर्गात बजावायची. "अर्जात लाजणारा आणि ताटावर लाजणारा, दोघंही उपाशी उठतात."

तिचा आजा मेंढपाळ. शरदात कळप घेऊन डोंगर उतरायचा, वसंतात चढायचा. त्या जुन्या वाटांवरच मेनानं पुस्तक लिहिलं. वाटा पायाखाली घातल्या, दफ्तरखान्यांतली धूळ खाल्ली, ऐन उमेदीची वर्षं त्यात घातली. प्रोफेसर साबातेल्लींनी प्रस्तावना लिहिली. त्यांच्याच हाताखाली ती शिकलेली. त्यांचे पेपर तपासायची, मुद्रितं वाचायची, आणि ईस्टरला आईनं दिलेलं चीज त्यांच्या घरी पोचवायची. तिकडची रीतच तशी. जागा निघते सगळ्यांसाठी, पण ती कुणाची हे आधीच ठरलेलं असतं, आणि ज्याची नाही त्यानं रांगेत गुमान उभं राहायचं असतं.

दोन वर्षांमागं एक जागा निघाली. साबातेल्लींनी तिला खोलीत बोलावलं, दार लोटून घेतलं.

"मेना, ही जागा दोनातोची."

"रांगेत मी पुढं होते, प्रोफेसर."

"आहेसच की. पण नापोलीच्या विद्यापीठानं आपला माणूस घेतला, आता त्यांचा दोनातो आपण घ्यायचा. साटंलोटं आहे हे, मोडता येत नाही."

"मग मला कशाला बोलावलंत? वरातीत नाचायला?"

"बरोबर ओळखलंस." ते हसले. "अर्ज कर. एकटाच उमेदवार दिसला की लोक नाकं मुरडतात. फक्त... अर्जाला ते पुस्तक नको लावूस. त्याच्यापाशी पुस्तक नाही गं."

"म्हणजे मी लंगडत पळायचं."

"सावकाश पळ, एवढंच. पुढची जागा तुझी. संत जेरार्दोची आण."

घरी आई, असुंता, वाळक्या लाल मिरच्या तेलात सोडत होती. मेनाचा चेहरा बघून झारा तसाच हातात राहिला.

"काय म्हणाला तुझा देवमाणूस?"

मेनानं सांगितलं.

"दुभत्या शेळीला कोण मोकळं सोडतंय, मेने? दावं लांब करत्यात, म्हणजे तिला वाटतं आपण रानात हाय."

"नाही म्हटलं तर करार जाईल, आई."

"अन् हो म्हटलं तर?"

मिरच्या करपल्या आणि म्हातारीनं त्याचा दोषही प्रोफेसरांच्याच माथी मारला.

मेनानं अर्ज लिहायला घेतला. जन्मभर पोरांचे हडकुळे अर्ज खाऊपिऊ घालून बाळसेदार केले. आता स्वतःचा उपाशी मारायचा होता. कुठं मांस कमी करायचं हे तिच्याइतकं कुणाला कळणार? पुस्तक वगळलं. दोन चांगले लेख वगळले. शेवटी एक ओळ उगाच चमकत होती, तीही तिनं मळवून ठेवली.

दोनातोला जागा मिळाली. नियमाप्रमाणं समितीचा अहवाल विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लागला: "उमेदवार लापादुला कष्टाळू आहेत, मात्र लेखन तुटपुंजं, विषयावर स्वतंत्र ग्रंथ नाही." खाली तीन सह्या, त्यातली एक साबातेल्लींची. मेनानं वाचलं आणि पान मिटलं. घरातल्या घरातलं नाटक, बाहेरचं कोण बघायला येतंय, अशी तिनं समजूत घालून घेतली. लागलेला अहवाल पुढं कुणीही वाचतो, हे विसरायची चूक पोरांनी केली असती तर तिनं त्यांचे कान उपटले असते.

साबातेल्ली शब्दाला जागले. पुढच्या वर्षी जागा निघाली. पण या खेपेला समितीची नावं चिठ्ठ्या टाकून निघाली, नि त्यात प्रोफेसरांच्या ओळखीचं एकही नाव नव्हतं. मेनानं पुस्तक लावलं, सगळे लेख लावले.

मुलाखत रीतीप्रमाणं सगळ्यांसमोर, कुणीही येऊन बसावं अशी. मागच्या रांगेत साबातेल्ली, शेजारी दोनातो. आई नव्या काळ्या कोटात, मांडीवर बदामाच्या बिस्किटांचा डबा घेऊन. निकालानंतर वाटायला आणलेला.

समितीच्या प्रमुख त्रिएस्तेच्या फुर्लान बाई. "पुस्तक वाचलं," त्या म्हणाल्या. "सुंदर आहे. प्रस्तावना प्रोफेसर साबातेल्लींची."

"हो."

"छापून बरीच वर्षं झाली की. मग गेल्या वर्षीची समिती लिहिते की ग्रंथच नाही. आणि त्या समितीत साबातेल्लीच! मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. हे कसं काय?"

सभागृहात खुर्ची करकरली. मेनानं मागं पाहिलं नाही. खरं सांगावं, तर दोनातोची जागा कोर्टात जाणार. त्याला नुकत्याच जुळ्या मुली झालेल्या. साबातेल्लींचं नाव मातीत जाणार. आणि आपण तरी कुठं धुतल्या तांदळाच्या? अर्ज आपल्याच हातानं लंगडा केलेला. सांगायला वाट एकच उरली होती, आणि तीही खड्ड्यातच जात होती.

"लावायचं राहून गेलं," ती म्हणाली. "विसरले."

"स्वतःचं पुस्तक?"

"हो."

बाईंनी समोरचा कागद उलटला. "अर्ज कसा करावा हे इथं तुम्हीच शिकवता ना?"

मागं कुणाला तरी हसू फुटलं, मग त्याचा खोकला झाला.

"हो," मेना म्हणाली. "मीच."

जागा पेरुजाच्या एका गृहस्थाला गेली. मेनाच्या नावापुढं समितीनं लिहिलं, "लेखन उत्तम, परंतु स्वतःच्या कामाविषयी अनास्था." तेही पुढं संकेतस्थळावर लागलं.

निकाल त्याच दिवशी सांगितला, तेव्हा व्हरांड्यात आईदेखतच साबातेल्लींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "शाबास, पोरी. तुझ्यावर टाकलेला भरवसा वाया गेला नाही. पुढची जागा..."

"पुढची जागा माझी हाय, प्रोफेसर," असुंता मध्येच म्हणाली. "कबरस्तानात. तिच्यासाठी तरी कुणाची रांग नसंल, असं वाटतंय."

दोनातोनं नजर भिंतीकडं वळवली. साबातेल्लींचा हात खांद्यावरून सुटला नि कुठं ठेवावा हे न कळून खिशात गेला.

"आई, चल," मेना म्हणाली. मग साबातेल्लींकडं वळली. "यंदाचा करार आलाय का, प्रोफेसर?"

"टेबलावर आहे. सही तेवढी राहिलीय."

"करून जाते," मेना म्हणाली. "सोमवारी वर्ग आहे माझा."