तिची खिडकीची सीट

बोधगयेला जायचं ठरवलं ते माझ्या बायकोनं. मला कुठं जायची हौस नव्हती. जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलण्यात जन्म गेला, बसून राहायला मिळालं हेच मला पुष्कळ होतं. पण तिच्या मनात होतं, मरायच्या आधी बुद्धाची जागा पाहायची. मग आम्ही आर्णीच्या बसस्टँडसमोरच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात गेलो.

ऑफिस एक बाई चालवते. नवऱ्याच्या गाड्या होत्या, तो गेल्यावर तिनं धंदा हाती घेतला. टूरवर ती स्वतः सोबत असते. तिनं आधी आमचे गुडघे विचारले. जिना चढता येतो का, रात्री किती वेळा उठावं लागते, शुगर कोणाला हाय. मला राग आला.

"गाडीत बसाले गुडघे कायले पाह्यजे?"

"काकाजी, धर्मशाळेत मले तुमाले खालची खोली सांगा लागते. वरची भेटली तर माह्याच नावानं ओरडान."

बायको हसली. तिला ती बाई आवडून गेली. मग बायकोनंच विचारपूस केली. भात मऊ करता का, बायांच्या आंघोळीची सोय काय. आचारी सोबत असतो, गॅस-भांडी गाडीतच असतात, हे ऐकून तिचं समाधान झालं. तिला गाडी लागायची, म्हणून खिडकीची सीट तिची आणि बाजूची माझी, असं पक्कं करून आम्ही घरी आलो.

टूर थंडीत होती. दिवाळी झाली आणि बायको गेली. सकाळी चहा मांडला, छातीत दुखते म्हणाली, यवतमाळच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

ट्रॅव्हल्सवाली बाई मातीला आली होती. टूरचा शब्द काढला नाही. मीच पुढं तिच्या ऑफिसात गेलो. ती म्हणाली, तुमची दोघांची नावं काढून टाकते, तुम्ही मनाला लावू नका. मी म्हटलं, "मी येतो. दोन्ही सिटा माह्या. तिची सीट रिकामी राहीन. तिथी कोनाले बसवलं तर मी गाडीतून उतरून जाईन."

तिनं वही मिटली. मग म्हणाली, "सीट रिकामी ठेवाले मले काई नाई काकाजी. तुमाले एकट्यानं निभन का, थे पाहा."

"तू आपली गाडी पाह्य."

असं बोलून आलो. तेव्हा मी सगळ्यांशी असाच बोलत होतो.

खिडकीच्या सीटवर मी बायकोची शाल ठेवली आणि माझी पिशवी ठेवली. मागं पाच-सहा रांगा सोडून ढाणकीचे एक म्हातारे होते, रिटायर कोतवाल. चाकावरची सीट, कंबर दुखायची त्यांची. पहिल्याच मुक्कामानंतर ते काठी टेकत माझ्यापाशी आले.

"बसू का जराक?"

"मानूस हाय तिथी."

त्यांनी शालीकडं पाहिलं. "लय बारीक मानूस दिसते," म्हणाले आणि मागं गेले. बाईनं हे ऐकलं. आपली बसायची उशी काढली आणि त्यांना नेऊन दिली.

त्या बाईची एक रीत होती. ती डोकी मोजत नसे. मोजताना कोणी लघवीला उतरते, कोणी चढते, हिशोब चुकते, म्हणायची. गाडी सुटायच्या आधी दारात उभी राहून ओरडायची, "आपापला शेजारी पाहा!" मग जोडीजोडीनं आवाज यायचा, हाय, हाय. प्रत्येकानं बाजूच्याची जिम्मेदारी घ्यायची. माझ्या सीटपाशी ती काही विचारायची नाही. स्वतः येऊन पाहून जायची.

वाटेत सारनाथला मी स्तूपाच्या मागच्या बाजूला गवतावर जाऊन बसलो. कुठले तरी परदेशी लोक वंदना म्हणत होते. शब्द आपलेच होते, चाल वेगळी होती. बायकोला ऐकवायला पाहिजे होतं, हेच डोक्यात घुमत राहिलं. वेळेचं भान राहिलं नाही. उठून बाहेर आलो तर गाडी नव्हती.

झालं असं होतं की, एक बाई चक्कर येऊन पडली होती. ट्रॅव्हल्सवाली तिला शेवटच्या सीटवर निजवून पाणी पाजत होती. तिथूनच ओरडली, शेजारी पाहा. सगळे हाय म्हणाले. मला पाहणारं कोणी नव्हतं. ती जागा मीच रिकामी ठेवली होती.

मोबाइल पिशवीत, पिशवी गाडीत. बाईचा नंबर मला पाठ नव्हता. गेटजवळच्या कठड्यावर बसलो. कोणी काही विचारलं तर हिंदीत दोन शब्द बोलायचो आणि पुढं बोलवेना. बायको असती तर तिनं गाडीसमोर उभं राहून ड्रायव्हरला शिव्या घातल्या असत्या. बायको मेल्यावर मी चारचौघांत रडलो नव्हतो. तिथं अनोळखी लोकांत रडलो.

मग एक ऑटो थांबला आणि त्यातून ती बाई उतरली. पदर सुटलेला, तोंड उतरलेलं. मला वाटलं आता झापेल. तिनं माझा हात धरला.

"माही चुकी झाली काकाजी. मी पाह्यलं नाई."

"तू कितीकाले पाहाशीन," मी म्हटलं.

ऑटोत तिनं पाणी दिलं. मी विचारलं, कळलं कसं.

"ढाणकीचे काका. कंबर दुखली म्हनून पुन्हा तुमाले सीट मांगाले गेले. तिथून ओरडले, बाई, येथी नुसती शाल हाय, मानूस गायब हाय!"

गाडी एका ढाब्यावर उभी होती. आत चढलो. मी सरळ मागं त्या म्हाताऱ्यांपाशी गेलो.

"चाला समोर."

"काहून? उठला का तो बारीक मानूस?"

"उठला. चाला आता, जास्त बोलू नका."

शाल उचलून मी मांडीवर घेतली आणि खिडकीशी स्वतः बसलो. माझी जागा त्यांना दिली. बाहेर मोहरीची पिवळी वावरं होती, संपतच नव्हती. इतका पिवळा रंग तिला नक्की खोटा वाटला असता.

म्हाताऱ्यांनी शालीकडं बोट दाखवलं. "कवा गेल्या?"

"दिवाळीनंतर."

"कशी होती बाई?"

इतके दिवस सगळ्यांनी मला काय झालं, कसं झालं, हेच विचारलं होतं. ती कशी होती हे कोणी विचारलं नव्हतं.

"भांडखोर," मी म्हटलं.

"माहीवाली बी. म्हनून घरी ठेवून आलो. सांगा."

मी सांगायला लागलो. लग्नातली ती, जिनिंगच्या गेटवर डबा घेऊन येणारी ती, मला दारू सोडायला लावणारी ती. पुढं चहाला गाडी थांबली तरी माझं चालूच होतं. सगळे उतरून गेले. मी उठायला लागलो तर म्हाताऱ्यांनी मनगट धरलं.

"पुरं करा ना. चहा कुठी पळून जाते?"

बाई दारात आली, आमच्याकडं पाहिलं आणि खाली उतरली. थोड्या वेळानं तिनं दोघांचा चहा वरच पाठवला.