कृपाला मांडवामागं बसवलं तेव्हा

"ताई, हिला जरा मागं घ्या. शूटिंग चालू हाय."

गळ्यात स्वयंसेवकाचं कार्ड घातलेली बाई माझ्या कानाशी वाकून बोलली. हिला म्हणजे माझ्या पोरीला. कृपाला. नऊ वर्षांची हाय. जन्मली तेव्हा रडलीच न्हाई. तेव्हापासून मान धरत न्हाई, बोलत न्हाई. चाकाच्या खुर्चीत बसती. गाणं सुरू झालं की मात्र मोठ्यानं ओरडती. तिचं गाणं तसंच.

लातूरला आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, आशीर्वाद सभा होती. मी मुलींच्या होस्टेलच्या मेसमधी पोळ्या लाटते. त्या दिवशी सुट्टी काढून, कृपाला नवा फ्रॉक घालून, सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या रांगेत बसले होते.

"आम्ही लवकर येऊन बसलोय," मी म्हणलं.

"हाव. पण पास्टरनीच सांगितलंय."

मी स्टेजकडं बघितलं. पास्टर, म्हणजे आमचे दादा, आमच्याकडंच बघून राहिले होते. नजर भेटली तशी त्यांनी मान खाली घातली, पवित्र शास्त्राची पानं चाळायला लागले.

मागं नेलं आम्हाला. मांडवाच्या कापडापलीकडं, जिथं जेवणाचे हंडे चढले होते. आमच्या जागेवर एका प्लॉटिंगवाल्याचं कुटुंब येऊन बसलं. दोन धट्टीकट्टी लेकरं.

हे दादा कोण, ते सांगते. आमचं मूळ गाव नांदेडच्या लोह्याकडं. आम्ही मातंग. लग्नाच्या पंगतीत गाव आईला वेगळं बसवायचं, उकिरड्याच्या अंगाला, सगळे जेवून उठल्यावर. दादा तेव्हा सायकलवर प्रार्थनेला यायचे. आमच्या पत्र्याखाली बसून आईच्या हातची भाकर खायचे. म्हणायचे, "आई, येशूच्या घरात शेवटची पंगत नसती." त्या एका बोलण्यावर आईनं बाप्तिस्मा घेतला. मीबी घेतला. पुढं दादांनी ती मंडळी लातूरला आणली, आम्हीबी कामासाठी हितं आलो. पोरीचं नाव दादांनीच ठेवलं. दवाखान्यात तिला हातावर घेऊन रडले होते.

आता त्यांचाच आवाज भोंग्यातून यायला लागला.

"देवाचा आशीर्वाद कसा ओळखायचा? त्या घराकडे बघा. गाडी येते, बंगला येतो, लेकरं निरोगी असतात. ज्या घरातून आजार जात नाही, तिथे कुठेतरी पाप दडलेलं असतं."

मी कृपाच्या तोंडाची लाळ पुसत होते.

"एका आईने पोटातल्या लेकराला म्हटलं, तू मला नको. आज त्या लेकराची अवस्था बघवत नाही."

माझा हात थांबला.

ती आई मी. पाचवा महिना होता. नवऱ्यानं मारलं होतं, तो भायेर गेल्यावर त्या रागात तोंडातून गेलं होतं. नऊ वर्षं ते एक वाक्य मला खात होतं. मागल्या महिन्यात दादांना एकट्यांना सांगितलं, त्यांच्या पायाशी बसून. ते म्हणाले होते, "देवानं कवाच माफ केलं, ताई." जगात ती गोष्ट आम्हा दोघांनाच ठाऊक होती.

कांदे चिरणाऱ्या बाईनं सुरी थांबवली. कृपाकडं बघितलं. मग माझ्याकडं.

सभा संपल्यावर दादा मागं आले. हातात तेलाची बाटली.

"ताई, मी नाव घेतलं न्हाई."

"नाव कशाला घ्यायला पायजे? खुर्चीवरचं लेकरू घेऊन मंडळीत येणारी मी एकटीच हाय."

"लोकांना समजावं म्हणून सांगावं लागतं. आण, हिच्या डोक्यावर हात ठेवतो. देव आशीर्वाद देईल."

त्यांनी बोटाला तेल लावलं. मी कृपाच्या कपाळावर माझा हात ठेवला. घट्ट.

"नको."

"आशीर्वादाला नको म्हणत नसतात."

"येशूनं कुणाला धन्य म्हणलं, दादा? गरिबांना. रडणाऱ्यांना. आमच्या पत्र्याखाली तुम्हीच शिकवलं. बंगलेवाले त्यात कवा घातले?"

तेवढ्यात कुणीतरी त्यांना फोटोला बोलावलं. प्लॉटिंगवाल्याच्या घरच्यांबरोबर. गेले.

मी खुर्ची ढकलत घरी निघाले. ऊन रणरणत होतं. रस्ताभर एकच विचार. येशूला घर नव्हतं. अंगावरचे कपडेसुद्धा काढून घेतले त्याचे, आणि खिळे ठोकून टांगला. दादांच्या मापानं मोजलं तर त्याच्याएवढा शापित कुणीच न्हाई. मग आम्ही इतकी वर्षं कुणाच्या पाया पडून राहिलो होतो?

माझी पोर शाप न्हाई. माझ्या तोंडून गेलेल्या वाक्याची शिक्षा न्हाई. रागात बोललेल्या बाईचं लेकरू मोडून ठेवणारा देव असंल, तर तो मला नको. मला आईनं सांगितलेला पायजे, जो आमच्या शेजारी मातीत बसतो. कृपा आंघोळ घालताना हसती तेव्हा तो माझ्या न्हाणीत असतो. आशीर्वाद म्हणजे एवढंच. तो मागायला मला स्टेजच्या पायऱ्या चढायची गरज न्हाई.

लोक म्हणाले, दुसरी मंडळी बघ. न्हाई बघणार. ही मंडळी माझ्या आईनं भाकर घालून उभी केलीय.

गेल्या रविवारी उपासनेत मी उभी राहिले. म्हणलं, "दादा, विश्वासानं सांगितलेली गोष्ट तुम्ही भोंग्यावर सांगितली. माझ्या पोरीला पापाचं फळ म्हणलं. हितं, सगळ्यांसमोर, तिची माफी मागा."

त्यांनी गाणं सुरू करायला सांगितलं. ढोलकी वाजली. माझा आवाज बुडाला.

येत्या रविवारी परत विचारणार हाय. त्याच्या पुढच्याबी.