मोल्डिंग सोडून काय येतंय

मंदी आली, बेळगावातल्या आमच्या फाउंड्रीच्या ऑर्डरी बंद झाल्या आणि आम्हा साचे करणाऱ्या मोल्डिंगवाल्यांना घरी बसवलं. कामगार पुरवणाऱ्या एजन्सीत नाव नोंदवायला गेलो, तिथं नोंदणी करणाऱ्या एक बाई भेटल्या. एजन्सीचीही गिऱ्हाईकं तुटली होती, म्हणून मालकानं कामाला जुळणारा माणूस शोधणारं सॉफ्टवेअर घेतलं होतं. बाई एकाच बोटानं टाइप करायच्या आणि प्रत्येक शब्द पुटपुटत वाचायच्या.

“काय काय येतंय, अण्णा?”

“मोल्डिंग. दुसरं काय न्हाय.”

“त्याला आता मागणी न्हाय. घरात काय करतासा?”

वडील दोन वर्षं अंथरुणाला खिळले होते, त्यांचं सगळं मीच केलं, असं मी संकोचत सांगितलं.

“मग हे लिवायला नको व्हय? ह्या सॉफ्टवेअरला माणूस दिसत न्हाय, लिवलेलं तेवढंच दिसतंय.”

पंधरवड्यानं मोबाइलवर मेसेज आला. निपाणीच्या एका दवाखान्यात रुग्णांची सेवा करणारा माणूस हवा होता. मी तिथं कामाला लागलो.

महिन्यानं बाईंना सांगायला गेलो, तर त्यांनी माझी नोंद उघडली आणि खुर्ची पुढं सरकवली. “बसा. तिथं नवीन काय शिकलासा?”

फाउंड्रीत अठरा वर्षं काढली, पण मला काय येतं हे इतक्या आस्थेनं कुणी विचारलं नव्हतं.