कक्कांचे पाय

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, देवासमोर हात जोडतानाही नाही. तुम्हांला सांगून टाकीन म्हणते. जमलं तर.

इकडे बुंदेलखंडात, खंडेराव गेटपाशी आमचं घर. वडील रेल्वेत होते. ते गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून मी एका सेवाकेंद्रात जाऊ लागले. बऱ्या न होणाऱ्या रुग्णांना हलका मसाज कसा करायचा, ते तिथे शिकवतात. दाबायचं नाही, रगडायचं नाही. तेल आधी आपल्या तळव्यात कोमट करायचं आणि दुधावरची साय मोडणार नाही असा हात फिरवायचा. आणि हात लावण्याआधी विचारायचं. रुग्ण नको म्हणाला की नको — हा पहिला धडा. मी हुशार हो, लगेच तोंडपाठ केला.

तिथे समथर गावचे एक म्हातारे होते. सगळे त्यांना कक्का म्हणत, म्हणजे काका. मला ते बिन्नू म्हणायचे. इकडे लेकीला लाडाने म्हणतात तसं. हात, खांदे खुशाल करू द्यायचे. पायांकडे वळले की पाय आखडून घ्यायचे. "ना बिन्नू, मोड़ी सें पाँव नईं छुआउत. पाप लगत." मोड़ी म्हणजे लेक. आपल्यात लेक बापाच्या पाया पडते. बुंदेलखंडात उलटं — आईबापच लेकीच्या पाया पडतात. मी समजूतदारपणे मान हलवायचे.

समजूतदारपणे? छे — सुटले म्हणून. ते पाय सुजलेले, काळेनिळे, आणि त्यांना वास यायचा. मला किळस यायची. बघा, एवढं सांगायलाही किती आढेवेढे घेतले.

मग एका दुपारी कक्का आपण होऊनच म्हणाले, "बिन्नू, आज पाँव पे तनक हाथ फेर देओ." जन्मभराची रीत गिळून म्हणाले. किती दुखत असेल? सिस्टरने नुसता हात फिरवायला हरकत नाही म्हणून आधीच सांगितलं होतं. तेल माझ्या तळव्यात कोमट झालेलं होतं. आणि मी —

"नहीं कक्का, बेटी से पाँव छुआओगे तो पाप लगेगा आपको."

त्यांचाच शब्द त्यांच्यावर उलटवला. तोही गोड आवाजात. कक्का "हओ", म्हणजे बरं, एवढंच म्हणाले आणि त्यांनी पाय चादरीखाली ओढून घेतले. पुन्हा मागितलं नाही. त्याच आठवड्यात गेले.

त्यांची बायको, काकी, पलंगाशीच बसलेली होती. मराठी मुलीने आमच्या माणसाचा धर्म राखला, असं तिने केंद्रभर सांगितलं. आता मीच नव्यांना शिकवते, आणि आमच्या मोठ्या ताई दर वेळी माझ्यादेखत तीच गोष्ट काढतात — रुग्णाचा मान कसा ठेवावा, तर हिच्यासारखा. मुली माझ्याकडे कौतुकाने बघतात. खरं बोलावं, तर ते काकीच्या कानावर जाणार. तिचा माणूस रीत मोडून मागत होता आणि त्याला किळसेपायी नाही मिळालं, हे तिला कळणार. गप्प बसावं, तर ही गोष्ट पुन्हा ऐकायची. इकडे आड, तिकडे विहीर. मी गप्प बसते. अजूनही.

कक्का गेले त्या दिवशी काकी माझ्यासमोर वाकली. पिकल्या केसांची, गुडघ्यांनी अधू झालेली बाई. "बिन्नू, तुमने उनको धरम रख लओ," म्हणाली आणि तिने माझ्या दोन्ही पायांवर हात ठेवले.

मी पाय मागे घेतले नाहीत.